अम्बॅसिडर मार्क टू : उजवा हेडलाइट मंद, डिपरवर निळा दिवा मिणमिणतो, संपूर्ण वायरिंग बदलावे का?

मुळशीवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९७३ सालची अम्बॅसिडर मार्क टू आहे. गाडी वडिलांची, त्यांच्या मागे गेली सहा वर्षे ती मी सांभाळतो आणि महिन्यातून दोन-तीनदा तरी आवर्जून बाहेर काढतो. गेल्या महिन्यात माणगावहून ताम्हिणीमार्गे पुण्याला परतताना अंधार पडला आणि मी अक्षरशः डाव्या दिव्याच्या भरवशावर घाट चढलो. डिपर (खाली, जवळ पडणारा प्रकाश) दिल्यावर उजवा हेडलाइट कंदिलासारखा लालसर जळतो. अप्पर (दूरवर पडणारा प्रकाश) दिला तरी तो तसाच राहतो. डावा बरा आहे, पण त्याचाही प्रकाश पिवळा वाटतो. सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे डिपर चालू असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा, जो पूर्ण विझलेला असायला हवा, तो मंद मिणमिणत राहतो.

आतापर्यंत केलेले उपाय असे : बल्ब दोनदा बदलले (हॅलोजन, ६०/५५ वॅट). डॅशबोर्डवरचा लाइटचा स्विच नवा टाकला. बॅटरी आठ महिन्यांची आहे. आमच्या भागातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने टेस्ट लॅम्प लावून उजव्या होल्डरपर्यंत करंट येत असल्याचे दाखवले आणि ‘पन्नास वर्षांची वायर आहे साहेब, आता सगळा हार्नेस बदला’ (हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा) असे सांगून १८,००० रुपयांचा अंदाज दिला. पैशांपेक्षा मला मूळ वायरिंग उपटून टाकण्याचे वाईट वाटते. पुढच्या महिन्यात पुनर्नोंदणीसाठी गाडी तपासणीला न्यायची आहे, त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा लागेल. संपूर्ण वायरिंग बदलणे खरोखर आवश्यक आहे का?

जुनी_गाडी_जुना_रस्ता

माझे मत : बदला, आणि मन घट्ट करून बदला. त्या काळच्या वायरींवरचे रबर कडक होऊन तडकते आणि वरचे सुती वेष्टण उंदरांना फार आवडते. माझ्याकडच्या लँडमास्टरमध्ये स्टिअरिंगच्या दांड्याजवळ दोन वायरींचे आवरण झिजून त्या एकमेकींना चिकटल्या आणि कात्रज ओलांडताना डॅशबोर्डखालून धूर निघाला. मी गाडी थांबवून बॅटरीचे टोक काढेपर्यंत हाताएवढ्या लांबीची वायर जळून गेली होती. तेव्हापासून जुन्या वायरीवर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा नियम आहे.

एकतार

दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवा. प्रश्न मिटेल.

मोजून_पाहा

थोडे थांबावे, अशी विनंती. ‘जुनी_गाडी’ यांचा अनुभव गंभीर आहे आणि त्याकडे मी परत येतो. पण धागाकर्त्यांनी सांगितलेली तीन लक्षणे एकत्र वाचली, तर दोष कुठे आहे हे जवळजवळ पत्ता लिहून दिल्यासारखे स्पष्ट आहे. उजव्या दिव्याचे अर्थिंग तुटले आहे.

हेडलाइटच्या बल्बात दोन तंतू असतात, एक अप्परचा आणि एक डिपरचा. दोघांना करंट वेगवेगळ्या वायरींनी मिळतो, पण परतीची वाट मात्र एकच असते, ती म्हणजे काळी वायर. ही काळी वायर बॉडीशी जोडली गेलेली नसेल, तर डिपरच्या तंतूतून आलेला प्रवाह तिथेच अडून बसत नाही. तो त्याच बल्बातल्या अप्परच्या तंतूतून उलटा बाहेर पडतो, अप्परच्या वायरीने डाव्या दिव्याकडे जातो आणि डाव्या दिव्याच्या अप्परच्या तंतूतून तिथल्या शाबूत अर्थिंगला पोहोचतो. म्हणजे एका तंतूने जळायचे ते व्होल्टेज तीन तंतूंमध्ये वाटले जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन व्होल्टच्या आसपास येतात. म्हणून उजवा दिवा कंदिलासारखा दिसतो. डॅशबोर्डवरचा निळा दिवा त्याच अप्परच्या वायरीवर असतो; त्यालाही तेवढेच मिळते, म्हणून तो मिणमिणतो. अप्पर दिल्यावर हाच प्रवास उलट्या क्रमाने होतो आणि उजवा दिवा तसाच मंद राहतो.

खात्री करण्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागणार नाही. डिपर चालू ठेवून उजव्या बल्बाचा होल्डर मागून उपसून काढावा. निळा दिवा त्याच क्षणी विझला, तर माझे म्हणणे बरोबर आहे असे समजावे.

इलेक्ट्रिशियनच्या टेस्ट लॅम्पने हे का पकडले नाही, तेही सांगतो. टेस्ट लॅम्पचा चिमटा त्यांनी इंजिनला किंवा बॅटरीला लावला असणार. त्यामुळे येणारी वाट तपासली गेली, जाणारी वाट तपासलीच गेली नाही. मल्टीमीटरच्या बीपनेही असेच फसायला होते. वायरीच्या चौदा तारांपैकी एक तार शिल्लक असली, तरी मीटर बीप देतो, कारण त्याचा स्वतःचा प्रवाह अगदी नगण्य असतो. ५५ वॅटच्या बल्बाला साडेचार अँपिअरहून अधिक लागतात. ते त्या एका तारेतून जात नाहीत. म्हणून दिवे चालू ठेवूनच मोजले पाहिजे. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर (क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटीवर) धरावी आणि लाल पिन उजव्या होल्डरच्या काळ्या वायरीच्या पत्तीला लावावी. चांगल्या अर्थिंगवर ०.२ व्होल्टपेक्षा अधिक दिसू नये.

काम सुरू करण्यापूर्वी हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. जुन्या अम्बॅसिडरमध्ये हेडलाइटच्या वाटेवर फ्यूजच नसतो. चुकून धन वायर बॉडीला टेकली, तर वितळते ती वायरच. ‘जुनी_गाडी’ यांच्या लँडमास्टरमध्ये असेच झाले असणार.

पद्मिनीवाली

‘मोजून_पाहा’ यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या पद्मिनीत साधारण अशीच लक्षणे होती, पण कारण मात्र वेगळे निघाले. फियाटच्या फ्यूजबॉक्समध्ये चिनी मातीच्या दांडीवर धातूची पट्टी बसवलेले टोकदार फ्यूज असतात, पांढरे ८ अँपिअरचे आणि लाल १६ अँपिअरचे. त्यांच्या टोकांना आणि ज्या पत्त्यांमध्ये ते अडकतात त्यांना काजळी धरते, पत्तीचा ताण कमी होतो आणि फ्यूज शाबूत असूनही दिवा मंद होतो. बाबा दर पावसाळ्याआधी एकेक फ्यूज जागच्या जागी बोटाने गोल फिरवायचे. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. गाडी माझ्याकडे आल्यावर त्याचा अर्थ कळला.

तुमच्या गाडीत निळा दिवा मिणमिणतो, त्यामुळे अर्थिंगच असावे. गेल्या दोन-तीन वर्षांत पुढच्या बाजूचे डेंटिंग-पेंटिंग झाले आहे का?

मुळशीवाट (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पद्मिनीवाली ताई, तुमचा प्रश्न वाचून मी चमकलोच. गेल्या वर्षी बॉनेट आणि दोन्ही पुढचे मडगार्ड रंगवून घेतले होते.

आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन तास काढले. उजवा होल्डर उपसताच निळा दिवा विझला. डाव्या दिव्यात वाकून पाहिले, तर डिपरचा तंतू झगझगीत आणि त्याच्या शेजारी अप्परचा तंतू निखाऱ्यासारखा लाल. होल्डर पुन्हा बसवून मोजले. काळ्या वायरीवर ६.८ व्होल्ट. जिथे शून्याच्या जवळ काही दिसायला हवे, तिथे हा आकडा पाहून मी दोनदा पिना बदलून खात्री केली.

मग काळी वायर बोटाने चाचपत मागे गेलो. ती रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यावर एका स्क्रूने थिंबलसकट (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसवलेली आहे. वरून पाहता जोडणी नवी कोरी दिसत होती. स्क्रूही घट्ट होता. स्क्रू काढला तेव्हा थिंबलच्या खाली पांढऱ्या रंगाचा गुळगुळीत, सलग थर होता, आणि त्यावर थिंबलची नुसती गोल खूण उमटली होती. रंगाऱ्याने वायर बाजूला करून पत्रा रंगवला आणि रंग वाळल्यावर वायर त्याच्यावरच पिळून बसवली. स्क्रूच्या आट्यांमध्येही रंग भरला होता. पॉलिश पेपरने पत्रा रुपयाएवढ्या जागेत चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबलही घासली, दातेरी वॉशर टाकून स्क्रू आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. आता तिथे ०.१ व्होल्ट दिसतात. निळा दिवा डिपरवर पूर्ण विझतो आणि उजवा हेडलाइट डाव्याच्या बरोबरीने जळतो.

आता एक नवीन शंका आली आहे. उजवा सुधारला, पण डावा दिवा पूर्वीपेक्षा किंचित मंद झाल्यासारखा वाटतो. हा माझ्या डोळ्यांचा भ्रम आहे, की मी काही बिघडवून ठेवले?

घाटवळण

भ्रम असणार. दोन्ही सारखे झाले की पहिला कमी वाटतो.

मोजून_पाहा

भ्रम नाही, ‘घाटवळण’. त्यांचे निरीक्षण अचूक आहे आणि त्यातूनच दुसरा दोष हाती लागणार आहे.

दोन्ही दिव्यांना करंट एकाच वाटेने येतो : बॅटरी, कंट्रोल बॉक्स (डायनमोचे चार्जिंग सांभाळणारी डबी), लाइटचा स्विच, पायाचा डिपर (पायाने दाबून अप्पर-डिपर बदलायचा स्विच) आणि तिथून पुढे. त्या सामाईक वाटेवर कुठेतरी अडथळा आहे. काल उजवा दिवा अर्धपोटी होता, त्यामुळे वाटेवरून प्रवाह कमी जात होता आणि अडथळ्यात व्होल्टेजही कमी गळत होते. आज दोन्ही दिवे पूर्ण मागणी करू लागले, गळती वाढली आणि डाव्याच्या वाट्याचे थोडे कमी झाले. सुरुवातीला ‘डाव्याचाही प्रकाश पिवळा वाटतो’ असे तुम्ही लिहिले होते, ते याचेच चिन्ह होते.

तंतूच्या बल्बाचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने. बारा व्होल्टच्या जागी १०.८ मिळाले, म्हणजे व्होल्टेज दहा टक्के घटले, तर प्रकाश तीस टक्के घटतो. म्हणून अर्ध्या-पाऊण व्होल्टसाठी धडपडणे व्यर्थ नसते.

आता इंजिन बंद ठेवून, डिपर चालू ठेवून धन बाजू टप्प्याटप्प्याने मोजावी. या वेळी लाल पिन बॅटरीच्या धन टोकावर स्थिर ठेवावी आणि काळी पिन एकेका जोडणीवर पुढे सरकवत न्यावी. ज्या दोन जोडण्यांच्या मध्ये आकडा एकदम उडी मारतो, तिथे अडथळा असतो. मूळ वायरी असतील, तर रंग वाट दाखवतील : कंट्रोल बॉक्सपासून स्विचपर्यंत निळ्या रेघेची तपकिरी, स्विचपासून पायाच्या डिपरपर्यंत पूर्ण निळी, डिपरपासून पुढे अप्परला पांढऱ्या रेघेची निळी आणि डिपरला लाल रेघेची निळी. धूळ बसून रंग ओळखू येत नसतील, तर रॉकेलच्या बोळ्याने पुसावे (बॅटरीचे टोक काढून आणि पुसल्यावर पूर्ण वाळू देऊन).

शुभ्रप्रकाश

एवढा खटाटोप कशासाठी? हल्ली त्याच होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्ब मिळतात. करंट कमी ओढतात, त्यामुळे जुन्या वायरींवर ताण येत नाही, आणि प्रकाश पांढराशुभ्र पडतो. मी माझ्या गाडीत लावले आहेत आणि समाधानी आहे.

पद्मिनीवाली

शुभ्रप्रकाश, तुम्हाला समोर लांबपर्यंत दिसत असेल, पण समोरून येणाऱ्याचा विचारही करायला हवा. जुन्या दिव्याचा परावर्तक आणि काचेवरच्या उभ्या रेघा तंतू नेमका जिथे असतो, त्या बिंदूसाठी घडवलेल्या असतात. एलईडीचा प्रकाश तंतूच्या आकाराच्या बिंदूतून निघत नाही, त्यामुळे डिपरची वरची कड फुटते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिवे घाटात अशा एका गाडीमुळे मला काही क्षण रस्त्याची कडा दिसली नव्हती. तेव्हा शेजारी आई बसली होती. मी हे विसरू शकत नाही.

मोजून_पाहा

आणखी एक भर. एलईडी कमी करंट ओढतो, म्हणून वाटेवरचा सैल सांधा दिसेनासा होतो, पण तो सांधा गाडीत तसाच राहतो. शिवाय काही जुन्या अम्बॅसिडर आणि लँडमास्टर गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. साध्या बल्बाला दिशा कळत नाही, तो कसाही पेटतो; एलईडी पेटेलच असे नाही. आपल्या गाडीत कोणते टोक बॉडीला गेले आहे, हे प्रत्येकाने बॅटरीपाशी प्रत्यक्ष पाहावे. धन टोक बॉडीला असेल, तर मी वर सांगितलेल्या पिना उलट समजाव्यात.

मुळशीवाट (धागाकर्ता)

आमच्या गाडीत ऋण टोकच बॉडीला आहे. मूळचे तसे, की वडिलांनी कधी बदलून घेतले, ते आता सांगायला कोणी नाही.

काल संध्याकाळी टप्प्याटप्प्याने मोजले. दिवे चालू असताना बॅटरीवर १२.० व्होल्ट होते आणि होल्डरवर, काळ्या वायरीचे ०.१ धरून, बल्बाला मिळत होते बरोबर १०.०. म्हणजे धन बाजूला १.९ व्होल्ट गळत होते. त्यांची विभागणी अशी निघाली : बॅटरीपासून लाइटच्या स्विचच्या आतल्या टोकापर्यंत ०.२, स्विचच्या आत ०.४, पायाच्या डिपरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ०.९, आणि तिथून ग्रिलमागच्या रबरी नळीतल्या जोडण्यांमधून होल्डरपर्यंत ०.४.

डिपरचे ०.९ पाहून मी क्लचशेजारचे मॅटिंग उचलले. खालचे नारळाच्या काथ्याचे जुने अस्तर पावसाळ्यापासून ओलसर राहिले असावे. त्याला मातीचा वास येत होता. दिवे दहा मिनिटे चालू होते, तेवढ्यात डिपरचे लोखंडी डबडे हाताला चटका बसण्याइतके तापले होते. ते दोन स्क्रू सोडवून काढले. तीन टोकांपैकी मधले टोक, ज्याला निळी वायर येते, काळे ठिक्कर पडले होते आणि त्याच्या मुळाशी गंज चढला होता.

ग्रिलमागच्या जोडण्यांचे वर्णन करायचे, तर कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवल्यावर जसा हिरवा कळंक चढतो, तसाच आतल्या पितळी गोळ्यांवर चढला होता. रबरी नळी बाहेरून धडधाकट असल्यामुळे कोणालाही संशय आला नसता.

एक गोष्ट मात्र मला समजत नाही. लाइटचा स्विच तर मी दोन महिन्यांपूर्वी नवा घेतला होता. त्यात ०.४ कसे?

मोजून_पाहा

सुंदर काम केलेत. ०.९ व्होल्ट आणि साधारण साडेआठ अँपिअर, म्हणजे त्या डिपरमध्ये साडेसात वॅट उष्णता होत होती. चटका बसणारच.

स्विचबद्दल : जुना टाकून दिला नसेल, तर तो मोजून पाहा. जुन्या स्विचमधल्या संपर्काच्या पट्ट्या अनेकदा जाड आणि ताठ असतात. काजळी काढली की त्या पुन्हा काम देतात.

मुळशीवाट (धागाकर्ता)

जुना डिकीतल्या हत्यारांच्या पेटीत होता. स्पिरिटने स्वच्छ करून, वीस-पंचवीस वेळा चालू-बंद करून बसवला. ०.१५ व्होल्ट. नवा परत डिकीत ठेवला.

एकतार

रिले लावला असता, तर स्विच आणि डिपर दोन्हींवरचा भार गेला असता. मी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

मूळरूप

आणि पहिल्याच दिवशी रिले लावला असता, तर रंगावर बसवलेले अर्थिंग तसेच राहिले असते, उजवा दिवा मंदच राहिला असता, आणि ग्रिलमागे दोन प्लॅस्टिकच्या डब्या लोंबकळत राहिल्या असत्या. एकतार, तुमचा उपाय चुकीचा नाही, पण निदानाआधीचा आहे.

माझा रिलेला विरोध आहे, हे मी स्पष्टच सांगतो. ही गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे. अशा गाड्यांच्या विंटेज नोंदणीची वेगळी तरतूद २०२१ सालापासून आहे, आणि ज्यांना त्या वाटेने जायचे आहे, त्यांनी गाडी जितकी मूळ स्थितीत ठेवता येईल तितकी ठेवावी असे मला वाटते. ही वायरिंग त्या गाडीच्या नसा आहेत. साफ केलेल्या जोडण्या आणि चांगला डिपर यांवर मूळ क्षमतेचे बल्ब उत्तम चालतात. वायरी कमी पडतात त्या लोक १००/९० वॅटचे बल्ब घालतात तेव्हा. दोन तंतू मिळून १६ अँपिअरहून अधिक ओढणार आणि डायनमोची क्षमता साधारण वीस-बावीस अँपिअर. मग इग्निशन आणि वायपर यांच्यासाठी उरणार काय?

एकतार

मी १०० वॅटचा बल्ब लावा असे म्हटलेले नाही. मी रिले म्हणतो, ते फ्यूजसाठी. ‘मोजून_पाहा’ यांनीच सांगितले की या वाटेवर फ्यूज नाही. घाटात वायर पेटली, तर मूळ रूप कुठे राहील?

मूळरूप

हा मुद्दा मला मान्य आहे. फ्यूज हवाच.

मोजून_पाहा

दोघांचेही साधेल अशी एक पद्धत आहे. मूळ हार्नेसची एकही वायर कापायची नाही. ग्रिलमागच्या ज्या पितळी जोडण्या आहेत, तिथे डिपरची लाल रेघेची निळी वायर जोडणीतून उपसून रिलेच्या ८६ क्रमांकाच्या टोकाला द्यायची, ८५ ला अर्थिंग द्यायचे, ३० ला बॅटरीच्या धन टोकाजवळून २.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर आणायची आणि ८७ पासून दिव्यांकडे जायचे. अप्परसाठी दुसरा रिले असाच. रिलेच्या वेटोळ्याला पाव अँपिअरही लागत नाही, त्यामुळे पायाचा डिपर आणि स्विच पुढची अनेक वर्षे थंड राहतात. उद्या काढायचे ठरले, तर जोडणी पुन्हा जागेवर खोचली की गाडी मूळ स्थितीत येते.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीचा मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच असावा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला संरक्षण नसते. आणि रिलेनंतर डाव्या व उजव्या दिव्याला स्वतंत्र फ्यूज द्यावा. दोन्ही दिवे एकाच फ्यूजवर ठेवले आणि तो नेमका वळणावर उडाला, तर माणूस काळोखात सापडतो.

घाटवळण

थोडे विचारतो. सिग्नलला थांबल्यावर माझ्या अम्बॅसिडरचे दिवे मंदावतात आणि ॲक्सिलरेटर दिला की उजळतात. हाही वायरिंगचाच दोष समजायचा का?

पद्मिनीवाली

डायनमो असेल, तर नाही. डायनमो मंद फेऱ्यांवर चार्ज देत नाही, दिवे बॅटरीवर चालतात. वायरिंगचा दोष असेल, तर दिवे वेगातही पिवळेच राहतात.

घाटवळण

आभारी आहे. आणि वर मी घाईने ‘भ्रम असणार’ लिहिले, त्याबद्दल क्षमस्व.

जुनी_गाडी_जुना_रस्ता

पूर्ण चर्चा शांतपणे वाचली. मी ‘मन घट्ट करून बदला’ असे म्हटले होते. आता मूळ प्रश्नाला वेगळे उत्तर देतो. वायर बदलावी की नाही, हे तिच्या वयावरून ठरवू नये, तिला हातात घेऊन ठरवावे. एखादी वायर बोटाभोवती हलकेच वळवून पाहावी. आवरणाला तडे गेले, भुकटी पडली, किंवा टोकाशी तांब्याच्या तारा काळ्या आणि ठिसूळ निघाल्या, तर तो भाग बदलावा. माझ्या लँडमास्टरमध्ये स्टिअरिंगजवळ तडे मला आधीच दिसले होते; मी दुर्लक्ष केले होते. मुळशीवाट, तुम्ही तेवढे पाहून घ्या. विशेषतः जिथे हार्नेस इंजिनाच्या खोलीतून पत्र्याच्या भोकातून आत शिरतो, तिथला रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसवलेले रबरी कडे) शाबूत आहे का, ते बघा. पत्र्याची धार वायरीला कापते.

सामानासाठी नाना पेठेत फिरावे लागेल. पायाचा डिपर मिळतो, पण हातात घेऊन दाबून पाहा. ठक्क असा स्पष्ट आवाज आणि ताठ स्प्रिंग हवी. वायर, थिंबल आणि उष्णतेने आवळणारी नळी तपकीर गल्लीत चांगली मिळेल.

मुळशीवाट (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

हार्नेस हातात घेऊन पाहिला. आतली बाजू मऊ आणि शाबूत आहे. ग्रॉमेट मात्र दगडासारखा झाला होता. तो बदलला आणि त्याच्याजवळची एक तपकिरी वायर, जिचे आवरण निम्मे कापले गेले होते, तेवढीच नवी टाकली. डिपर नाना पेठेत तिसऱ्या दुकानात मिळाला, मोजला, ०.१ व्होल्ट. जोडण्या घासून चकचकीत केल्या. एवढ्यानेच बल्बाला ११.३ व्होल्ट मिळू लागले. मग ‘मूळरूप’ यांची मनोमन परवानगी घेऊन, एकही वायर न कापता, दोन रिले आणि स्वतंत्र फ्यूज ग्रिलमागे बसवले. आता ११.७. सर्व मिळून खर्च २,६०० रुपये झाला.

ज्या इलेक्ट्रिशियनने हार्नेस बदलायला सांगितले होते, त्यांनाही गाडी नेऊन दाखवली. त्यांनी स्वतः मीटर लावून काळ्या वायरीवरचा आकडा पाहिला आणि रंगाचा थर कुठे होता, ते बोट लावून विचारले.

दिव्यांचा रोखही लावून घेतला : सपाट जागेवर भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करून, डिपरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साडेसात सेंटिमीटर खाली. तपासणीत दिव्यांबद्दल काही विचारणा झाली नाही.

परवा रात्री मुद्दाम ताम्हिणीला गेलो. धुके होते, पण डिपरवर डाव्या कडेचे पांढरे दगड एकामागून एक दिसत होते. शेजारी आई होती. ती म्हणाली, ‘यांच्या वेळी असाच उजेड पडायचा.’

मूळरूप

परवानगी दिली. ग्रिलमागचे एक छायाचित्र टाकाल का? मला रिले कुठे लपवले, ते पाहायचे आहे.

पद्मिनीवाली

आणि पुढच्या वेळी रंगकाम कराल, तेव्हा त्या स्क्रूच्या जागेवर आधी चिकटपट्टी लावायला रंगाऱ्याला सांगा.